कॉलेजात उद्योजकता शिकायची असेल तर: प्रवेशापासून प्रकल्प अहवालापर्यंत

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. "ताई, मला नोकरी नाही करायची, स्वतःचा धंदा करायचाय. उद्योजकतेचा कोर्स घेऊ का?" मग प्रश्न सुरू होतात. बीबीए की बी.कॉम.? सीईटी लागते का? आणि शिकून खरंच काही येतं का, की नुसतीच डिग्री?

मी सांगलीत बीबीए केलं आणि आता हळद-मसाल्यांचं छोटं युनिट चालवते. या प्रश्नांची उत्तरं मला जशी कळली तशी इथे क्रमाने लिहिते आहे. शिकून येतं, हे आधीच सांगते. पण जे कामाला येतं ते हिशोबाच्या वहीतलं असतं. धंद्याच्या कल्पना चहाच्या टपरीवरही मिळतात. एका पाकिटाचा खरा खर्च काढणं, उधारी सांभाळणं, खेळतं भांडवल (धंद्यात सतत फिरता ठेवावा लागणारा पैसा) किती लागेल ते आधी ओळखणं या गोष्टी शिकायला मात्र तीन वर्षं हातात असणं फार मोलाचं आहे. कोर्स निवडताना, विषय घेताना, प्रकल्प करताना हेच डोळ्यांपुढे ठेवा.

1. कोर्सचं नाव वाचा, मग त्याची मान्यता वाचा

पहिला गोंधळ इथेच होतो. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे व्यवस्थापन आणि संगणकाचे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी अनेकांना ती असते हेच माहीत नव्हतं आणि नंतर जादा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाची नावं बदलली. मुंबईत बीएमएसच्या जागी 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' दिसू लागलं, ज्याला ही सीईटी लागत नाही.

म्हणून माहितीपुस्तिकेत दोन गोष्टी शोधा: पदवीचं पूर्ण नाव, आणि एआयसीटीईची मान्यता आहे की नाही. मान्यता असेल तर सीईटी द्यायची. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतात, त्यामुळे "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणारी मुलं बाहेर राहतात. परीक्षा अवघड नसते. इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख एवढंच असतं.

आता पर्याय. बीबीए किंवा बीएमएसमध्ये व्यवस्थापनाचे सगळे विषय थोडे थोडे येतात आणि उद्योजकता त्यातला एक असतो. बी.कॉम.मध्ये हिशोबाचा पाया पक्का होतो. पुणे विद्यापीठाच्या बी.कॉम.ला व्यवसाय उद्योजकता हा विशेष विषय बरीच वर्षं आहे, पण प्रत्येक कॉलेज तो देतंच असं नाही. बी.व्होक., म्हणजे व्यावसायिक कौशल्याची पदवी, हा तिसरा रस्ता. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2014 मध्ये तो आणला आणि त्यात कौशल्याचा वाटा जास्त ठेवला. अन्नप्रक्रियेसारख्या ठरावीक क्षेत्रातच उतरायचं पक्कं असेल तर बी.व्होक.चा विचार जरूर करा.

माझं मत विचाराल तर धंदा कोणता ते ठरलं नसेल तेव्हा बी.कॉम. करून उद्योजकतेचे विषय घ्यावेत. ताळेबंद वाचता येणारा माणूस कुठल्याही धंद्यात उभा राहतो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा शिक्षकांना भेटा. मुलांनी गेल्या वर्षी काय विकलं, ते विचारा. 'ट्रेड फेअर' भरवतो असं सांगितलं तर त्याचा नफा-तोटा मुलं मांडतात का, आणि तो कुणी तपासतं का, तेही विचारा. याचं उत्तर नीट मिळालं तर ते कॉलेज चांगलं समजा.

2. कागदपत्रं: जूनची वाट पाहू नका

तहसील कार्यालयात मे-जूनमध्ये तोबा गर्दी असते. पुढची यादी मार्चमध्येच एका फाइलला लावा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेलं तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- अपार आयडी, म्हणजे तुमचे श्रेयांक जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं

आधारवर 'संजय', गुणपत्रकावर 'संजयकुमार' असा फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्या. शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक वेळा इथेच.

पैशाचा मोठा सापळा वेगळा आहे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या फी-सवलतीच्या योजना, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आणि 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी पूर्ण शिक्षण शुल्क माफी, या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी कक्षाच्या प्रवेश फेऱ्यांतून, आलेल्यांसाठी असतात. "फेरीची वाट कशाला बघता, आताच मॅनेजमेंट कोट्यातून जागा पक्की करा" असं कुणी सुचवलं आणि तुम्ही घाईने पैसे भरले, तर ही सवलत हातची जाते. मुलींच्या आईवडिलांना हे मी आवर्जून सांगते.

3. पुस्तकातल्या व्याख्या कुठून आल्या ते समजून घ्या

पहिल्या वर्षात शुम्पीटर, ड्रकर, मॅक्लेलँड या उद्योजकतेवर लिहिणाऱ्या अभ्यासकांची नावं येतात आणि मुलं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. त्यातल्या मॅक्लेलँडपाशी थोडं थांबा. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणत होता की काहीतरी साध्य करून दाखवण्याची ओढ माणसात प्रशिक्षणाने वाढवता येते. त्याने हे तपासलं ते आपल्या शेजारच्या आंध्रात, 1964 मध्ये, काकीनाडा गावच्या छोट्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण देऊन. पुढच्या दोनेक वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्या व्यापाऱ्यांनी जास्त गुंतवणूक केली, नवे धंदे काढले, जास्त माणसं कामाला ठेवली. उद्योजक जन्मालाच यावा लागतो ही समजूत या प्रयोगाने हलवली.

आज आपल्याकडे जी उद्योजकता प्रशिक्षणं चालतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. अहमदाबादची ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था 1983 मध्ये सुरू झाली आणि आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, 1988 मध्ये. एमसीईडीचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचे कार्यक्रम होतात. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत त्यांचं एखादं प्रशिक्षण जरूर करा. वर्गात तुमच्या शेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप चालवणारे काका, पापडाचा बचत गट चालवणाऱ्या काकू बसलेल्या असतात. त्यांचे प्रश्न ऐकणं हाच अर्धा अभ्यास आहे.

4. पहिल्या वर्षातच एक वस्तू घ्या आणि तिचा खर्च पैशापर्यंत काढा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. मी हळदीचं उदाहरण घेते, कारण ते रोज माझ्या हातात असतं. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

समजा हळकुंडं 160 रुपये किलो आहेत. 200 ग्रॅमच्या पाकिटात 32 रुपयांची हळद, वर 6 रुपयांचा पाउच आणि लेबल. झाले 38. छापील किंमत 75. म्हणजे पाकिटामागे 37 रुपये सुटले! कॉलेजच्या बहुतेक प्रकल्पांत हिशोब इथेच संपतो आणि पुढचं पान रंगीत आलेखांचं असतं.

आता पूर्ण हिशोब मांडू. 20 किलो हळकुंडांचे 3,200 रुपये. दळणाचे किलोला 15 प्रमाणे 300. दळताना घट येते, थोडी गिरणीत राहते, थोडी उडते. 600 ग्रॅम घट धरली तर हातात 19.4 किलो येते आणि पाकिटं 97 भरतात. पाउच मात्र 100 च घ्यावे लागतात, त्याचे 600. मार्केट यार्डातून माल आणणं आणि दुकानांत पोचवणं मिळून भाडं 300. दोन माणसांचा एक दिवस, 400 प्रमाणे 800. एकूण 5,200. भागिले 97, म्हणजे पाकिटामागे साधारण 53.60 रुपये.

दुकानदार छापील किमतीवर 20 टक्के ठेवतो, म्हणजे तुम्हाला 60 मिळतात. पाकिटामागे उरले 6.40. 97 पाकिटांमागे साधारण 620 रुपये. त्यातली सात पाकिटं नमुना म्हणून वाटली किंवा फाटली, तर 90 पाकिटांचे 5,400 येतात आणि हाती उरतात 200.

"दोन माणसं" म्हणजे मी आणि माझा मित्र, आम्ही थोडेच पगार घेणार, असं मुलं म्हणतात. घ्या. निदान वहीत तरी लिहा. आज तुमचे हात फुकट आहेत म्हणून धंदा चालतोय की खरोखर चालतोय, हे त्याशिवाय कळत नाही. घरातल्या बायकांची मेहनत तर हिशोबात कधीच धरली जात नाही. आईने रात्री जागून पाकिटं भरली असतील तर तिची मजुरी त्या 5,200 मध्ये आलीच पाहिजे.

एकदा हा तक्ता तयार झाला की पुढची गंमत सुरू होते. थेट घरोघरी 75 ला विकलं तर काय? 20 ऐवजी 100 किलो एका फेरीत आणलं तर भाडं पाकिटामागे किती उतरतं? अर्ध्या किलोचं पाकीट केलं तर? ना नफा ना तोटा बिंदू पुस्तकात आलेखावर दिसतो. इथे तो असा येतो: पाकिटं बंद करायच्या मशीनचं भाडं, फोन, जागा असा महिन्याचा ठरीव खर्च 6,000 असेल आणि पाकिटामागे 6.40 सुटत असतील, तर महिन्याला सुमारे 940 पाकिटं खपल्यावर तुम्ही शून्यावर येता. नफा त्याच्या पुढे.

वस्तू कुठलीही चालेल. टोट बॅग घ्या, मोबाइल कव्हर घ्या, शिकवणी वर्गही चालेल. पण ती खरी विकत घ्या आणि खरी विका.

5. उधारी आणि खेळतं भांडवल

छोटे धंदे तोट्याने कमी आणि रोख संपल्याने जास्त बंद पडतात, असं मी माझ्या आजूबाजूला पाहिलं आहे. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. महिन्याला 1,000 पाकिटं करायची तर खर्च 53,600. दुकानदार पैसे देतो 45 दिवसांनी. म्हणजे दीड महिन्याचे 80,000 रुपये कायम बाजारात अडकलेले. घरात पंधरा दिवसांचा माल, त्याचे 27,000. ठरीव खर्च जाऊन महिन्याला जेमतेम 400 रुपये सुटणाऱ्या या धंद्यात एक लाखाच्या वर रक्कम सतत फिरती ठेवावी लागते. प्रकल्पात यंत्राची किंमत सगळे लिहितात. ही रक्कम फार थोडे लिहितात.

शेतमालाच्या धंद्यात हंगाम आणखी ताण देतो. नवी हळद मार्केटला येते तेव्हा घेतली नाही, तर पुढे वाढीव भावाने घ्यावी लागते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली. साठवण हा सुद्धा भांडवलाचाच प्रश्न असतो, हे वर्गात शिकवताना हे उदाहरण आलं पाहिजे असं मला फार वाटतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वाचून ठेवा. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. पण कायदा कामी येण्यासाठी कागद लागतो. डिलिव्हरी चलनावर तारीख, नग आणि माल घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

6. ऑन जॉब ट्रेनिंगची जागा स्वतः शोधा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. कॉलेज एखादी मोठी कंपनी किंवा मॉल सुचवेल. तिथे गणवेश मिळतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि तुम्ही फाइली लावता.

त्याऐवजी दहा-पंधरा कामगारांचं युनिट शोधा. आमच्याकडे कुपवाड एमआयडीसी आहे, कोल्हापूरकडे शिरोलीच्या फौंड्र्या आहेत, इचलकरंजीत माग आहेत. तुमच्या तालुक्यातही काहीतरी असेलच. मालकाला सांगा की मला रोजची आवक-जावक लिहू द्या. कच्चा माल कधी मागवतात, जॉबवर्कचे (दुसऱ्यासाठी मजुरीवर केलेल्या कामाचे) दर कसे ठरतात, कुणाचं बिल थकलंय आणि त्याला मालक फोनवर काय बोलतात, हे सगळं रोज रात्री वहीत उतरवा. संकोच करू नका. शिकायला आलेल्या पोराला छोटा मालक जेवढं मोकळेपणाने सांगतो तेवढं कुठल्याच व्याख्यानात ऐकायला मिळत नाही.

पैसे घेऊन घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणारे आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारे प्रकल्प या दोन्हींपासून लांब राहा. तोंडी परीक्षेत निभावून जाईलही. पण पुढे बँकेत तुमच्याच अहवालातला आकडा तुम्हाला समजावून सांगता येणार नाही.

7. नोंदण्या: थोडक्यात, कारण हे सोपं आहे

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. शोधताना वर दिसणारी, सरकारी वाटणारी संकेतस्थळं हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा.

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी पहिल्या पाकिटाआधी हवी. लेबलवर तो क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह लागतं. वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, ती बरेच जण विसरतात. जीएसटी महाराष्ट्रात मालासाठी वार्षिक 40 लाख आणि सेवेसाठी 20 लाख उलाढालीनंतर येतो; पण परराज्यात माल पाठवायचा असेल तर त्याआधीच लागू शकतो. याबाबत सीएचा सल्ला घ्या.

8. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बँकेसाठी लिहा

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प लिहावाच लागतो. मग तो थेट बँकेला दाखवता येईल असाच लिहा. त्यासाठी जमवायचं ते हे: यंत्राची किमान दोन कोटेशनं, जागेचा भाडेकरार किंवा उतारा, कच्च्या मालाचे दर, चौथ्या पायरीतला खर्चाचा तक्ता, पाचव्यातला खेळत्या भांडवलाचा हिशोब आणि तीन ते पाच वर्षांचा नफा-तोट्याचा अंदाज.

पहिलं छोटं कर्ज बहुधा मुद्रा योजनेतून होतं. त्यात 50,000 पर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण अशा पायऱ्या आहेत. मोठ्या प्रकल्पाला पीएमईजीपी, म्हणजे कर्जाबरोबर अनुदान देणारी केंद्राची रोजगार निर्मिती योजना. 2022 च्या सुधारित नियमांनुसार त्यात उत्पादनासाठी 50 लाख आणि सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अनुदान प्रवर्ग आणि जागेप्रमाणे 15 ते 35 टक्के असतं. अर्जाआधी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बघा.

पीएमईजीपीत मुलं तीन ठिकाणी फसतात. ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या युनिटला पहिलं कर्ज त्यातून मिळत नाही. कॉलेजात असताना हौसेने नोंदण्या करून ठेवाल तर आधी याचा विचार करा. दुसरं, अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे अडकवून ठेवतात आणि मग कर्जात वळतं करतात. तिसरं, सर्वसाधारण प्रवर्गाला 10 टक्के आणि विशेष प्रवर्गाला (महिला, मागासवर्गीय वगैरे) 5 टक्के स्वतःचे घालावे लागतात. तेवढी रक्कम खात्यात नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. "अनुदान मंजूर करून देतो, अमुक टक्के द्या" म्हणणारा एजंट भेटलाच तर तिथून उठा. अर्ज ऑनलाइन आहे आणि तुमचा तुम्हाला भरता येतो.

बँकेत जाताना महिनाअखेर टाळा, आणि सोबत सीएला नेऊ नका. शाखा व्यवस्थापक पहिल्यांदा विचारतात ते साधंच असतं: महिन्याला किती खपेल, कुणाला विकणार, पैसे कधी येतील. या तिन्हींची उत्तरं अहवाल न उघडता देता आली पाहिजेत. ज्या दुकानांना माल दिलाय त्यांची सही असलेली चलनं त्याच वेळी टेबलावर ठेवा.